अर्धा इंच म्हणजे नेमका किती?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'एक अर्धा इंची एल्बो द्या' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटते, की आपण अगदी नेमके बोललो. दुकानदाराला मात्र त्यातून फारसे काही कळलेले नसते. तो विचारतो, 'कशातला?' गिऱ्हाईक म्हणते, 'नळाचा.' मग दुकानदार मान न उचलता चार खोक्यांतून चार एल्बो काढून काउंटरवर मांडतो आणि म्हणतो, 'यातला कोणता, ते बघून घ्या भाऊ.' चारही अर्धा इंचीच. आणि त्या चौघांत बसणारे पाइप हाताशी घेतले, तर सगळे एका जाडीचे निघत नाहीत.

यात दुकानदाराची लबाडी काही नाही. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे आपला जी.आय., अर्ध्या इंचाचा घेतला तर बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. शेतात दिसणारा राखाडी पीव्हीसी त्याच कामासाठी घेतला तर २० मिलिमीटर. गरम पाण्यासाठी वापरतात तो फिकट पिवळा सीपीव्हीसी फक्त १५.९ मिलिमीटर, कारण त्याची मापे तांब्याच्या नळ्यांवरून आली. आणि अलीकडे घरोघरी आलेला पांढरा, जाड, 'शेड्यूल ८०' लिहिलेला यूपीव्हीसी पुन्हा २१.३ वर. गंमत पुढेच आहे. या सगळ्यांचा वडील जो लोखंडी पाइप, त्यात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, शोधायला जाल तर कुठेच सापडणार नाही. मध्यम जाडीच्या पाइपाची पोकळीसुद्धा १६ मिलिमीटरच्या वरच असते. अर्धा इंच हे त्याचे माप नव्हे, नाव आहे. एखाद्या सहा फुटी गृहस्थाचे नाव 'बाळ' असावे, तसे.

माझी तीसेक वर्षे पाणीपुरवठ्याच्या भांडारात गेली. रॅकवर काय आहे, किती आहे आणि त्याला कोणत्या क्रमांकाने हाक मारायची, हे माझे काम. निवृत्तीनंतर चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या गावांच्या पाणी समित्या अधूनमधून बोलावतात, म्हणून जातो. तिथे मोटार कशी चालवायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. दुकानात कोणता शब्द उच्चारायचा आणि कोणता आकडा लिहून न्यायचा, हे सांगणारा सहसा कोणी नसतो. आणि आपल्या या झाडीपट्टीत ती गोष्ट क्षुल्लक नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातले दोन-तृतीयांशाच्या आसपास जंगल. कोरचीपासून सिरोंचापर्यंत नकाशावर बोट फिरवून पाहा. लांबी लक्षात येईल. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. नागपूर-पुण्याच्या माणसाने चुकीचा एल्बो आणला, तर तो चप्पल पायात सरकवून कोपऱ्यावरून बदलून आणतो. आपल्याकडच्या आतल्या गावात चुकीचा एल्बो म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे आणि गावाचे आणखी दोन दिवस कोरडे.

एटापल्ली तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. सौरपंप, लोखंडी मनोऱ्यावर टाकी आणि खाली नळ, अशी योजना. बोअरमधून वर येणारा पाइप लोखंडी, पुढे टाकीकडे जाणारा पीव्हीसी. जिथे दोघे भेटतात तो जोड तडकला. पाणी सोडणाऱ्या मुलाने लोखंडी पाइपावरचा आकडा वाचला आणि चिठ्ठीवर लिहिले, '३२ चा सॉकेट, १ नग'. चिठ्ठी घेऊन दुसरा माणूस आलापल्लीला गेला. दुकानदाराने ३२ चा पीव्हीसी सॉकेट दिला. गावी आणून लावायला गेले तर तो जोडाला बसेचना. दुसऱ्या फेरीच्या आदल्या रात्री पाऊस झाला, नाल्यावरून पाणी गेले. सगळे मिळून नऊ दिवस नळ कोरडे. बायका पुन्हा नाल्याच्या रेतीत झिरा खोदून वाटीवाटीने घागर भरू लागल्या. वस्तूची किंमत दोन माणसांच्या चहा-फराळाइतकी.

ती चिठ्ठी मी नंतर पाहिली. मुलाने वाचलेला आकडा बरोबर होता. दुकानदाराने दिलेली वस्तू चिठ्ठीबरहुकूम होती. गोम अशी, की लोखंडी पाइपावर ३२ लिहितात तेव्हा ते आतल्या पोकळीचे नाममात्र माप असते, म्हणजे सव्वा इंची. पीव्हीसीवर ३२ लिहितात तेव्हा तो बाहेरचा व्यास असतो, म्हणजे एक इंची. सव्वा इंची लोखंडाला जोडीदार हवा ४० मिलिमीटरचा पीव्हीसी. एकच आकडा, पण दोन भाषांतला. काळी काचेची किटली आणि काळी कपिला यांत 'काळी' एकच असली, तरी दूध एकीचेच निघते.

ही जोडी पाठ करण्यासारखी आहे. वाटल्यास कात्रण करून ठेवा. लोखंडी १५ (अर्धा इंच) असेल तर पीव्हीसी २०. लोखंडी २० (पाऊण) तर पीव्हीसी २५. लोखंडी २५ (एक) तर ३२. लोखंडी ३२ (सव्वा) तर ४०. लोखंडी ४० (दीड) तर ५०. आणि लोखंडी ५० (दोन) तर ६३. काळ्या एचडीपीई पाइपाचा आकडाही बाहेरच्या व्यासाचाच असतो, म्हणून घराच्या नळजोडणीत २० चा एचडीपीई आणि अर्धा इंची तोटी यांची गाठ पडते.

हा गोंधळ कोणी मुद्दाम घातलेला नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअराने १८४१ साली आट्यांचे एकच प्रमाण असावे असे सुचवले. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा होता. पुढे पाइपांचे आटेही त्याच वळणावर ठरले, ते आजही आपल्या नळाला आहेत. अर्धा आणि पाऊण इंचीला एका इंचात १४ आटे, एक इंची आणि वरच्याला ११. आटे पाइपाच्या बाहेरच्या अंगावर पडतात. म्हणून पुढे लोखंड सुधारले, पाइपाची भिंत पातळ झाली, तरी बाहेरचा व्यास हलवता आला नाही. हलवला असता तर जुना एल्बो नव्या पाइपाला बसला नसता. पातळ झालेली जागा पोकळीला मिळाली आणि अर्धा इंच नुसता नावाला उरला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. कागदावर मिलिमीटर आले, दुकानात इंच राहिले, आणि मिस्त्रीच्या तोंडी तर अजून 'सूत' आहे. आठ सुतांचा एक इंच. हातपंपाच्या आतली १२ मिलिमीटरची सळई मिस्त्री 'चार सुती' म्हणूनच मागतो, आणि त्याला ती बरोबर मिळते.

आता आमच्या भांडाराकडे वळतो. साठ्याचा क्रमांक म्हणजे सरकारी बाबूंचा खेळ, असा समज आहे. रॅकला टांगलेले बिन कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक, आणि वर एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक म्हणजे खरे तर एक वाक्य असते. पहिले दोन अंक सांगतात वस्तू कशाची, लोखंडाची की प्लास्टिकची. पुढचे दोन सांगतात वस्तू कोणती: एल्बो, टी, सॉकेट, निपल, युनियन. मग माप. मग दुसरे माप, असल्यास. शेवटी तोंड कसले: चिकटवायचे, की आट्याचे, आणि आटे असतील तर आतून की बाहेरून. प्लास्टिकच्या तुकड्यांवर एम.टी.ए. आणि एफ.टी.ए. अशी अक्षरे असतात ती याचसाठी. एम म्हणजे आटे बाहेर, एफ म्हणजे आटे आत. मिस्त्रीलोक सरळ नर-मादी म्हणतात. एका गावात महिला मंडळापुढे हे सांगताना मी चाचरत होतो, तर मागून एक आजीबाई म्हणाल्या, 'सांगा ना भाऊ, लाजता कायले? गाई-म्हशी आमीच सांभाळतो ना.'

वरच्या चिठ्ठीवर हेच वाक्य पुरे लिहिले असते, 'पीव्हीसी, ४० मिमी, आतून सव्वा इंची आटे, १ नग', तर नऊ दिवस वाचले असते. क्रमांक पाठ असण्याची गरज नाही. क्रमांकात ज्या क्रमाने प्रश्न विचारले जातात तो क्रम पाठ हवा. कशाचा, काय, केवढा, तोंड कसले, किती दाबाचा.

नावांचा घोळ मापांपेक्षा वाईट. ज्याला एक माणूस रिड्यूसर सॉकेट म्हणतो, त्यालाच दुसरा रिड्यूसिंग कपलर म्हणतो. एका भांडारात पहिल्या नावापुढे शिल्लक शून्य आणि दुसऱ्या नावाच्या पेटीत चाळीस नग पडलेले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कागद म्हणतो माल नाही, पेटी म्हणते आहे. नव्याने खरेदीचा प्रस्ताव वर गेलेला. साठ्याचा क्रमांक याच आजारावरचे औषध आहे. बोलीभाषेत वस्तूला दहा नावे असू द्यावीत, त्याने भाषा समृद्ध होते; नोंदवहीत एकच असावे.

बिलावर दिसणारे आकडे मात्र वेगळ्या जातीचे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि बिलात एच.एस.एन. नावाचा रकाना दिसू लागला. ही आंतरराष्ट्रीय जकातीची वर्गवारी, १९८८ पासून जगभर चालणारी. ३९१७ म्हणजे प्लास्टिकचे पाइप आणि त्यांचे जोड. ७३०७ म्हणजे लोखंडी जोड. ८४८१ म्हणजे तोट्या आणि व्हॉल्व्ह. ८४१३ म्हणजे पंप. हा आकडा करासाठी आहे. त्यात माप नसते. अर्धा इंची एल्बो आणि चार इंची टी दोघांचाही ३९१७ च. तरीही कित्येक ग्रामपंचायतींत जुने बिल दाखवून 'या नंबरचा द्या' म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. तिसरा आकडा कंपनीचा, तिच्या यादीतला. त्यात माप असते, पण तो त्या एका कंपनीपुरताच. दुसऱ्या कंपनीच्या दुकानात तो सांगणे म्हणजे परगावच्या पोस्टमनला आपला घर क्रमांक सांगणे.

वस्तूच्या अंगावर आणखी एक मजकूर असतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आय.एस.आय. ची खूण सगळ्यांना माहीत आहे. ती देणारी भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ साली तिचे भारतीय मानक ब्यूरो झाले. खूण मात्र जुन्याच नावाने राहिली. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. लोखंडी पाइपाला आय.एस. १२३९, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसीला ४९८५, एचडीपीईला ४९८४, सीपीव्हीसीला १५७७८. खाली सी.एम./एल. या अक्षरांपुढे कारखान्याचा परवाना क्रमांक. मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हा क्रमांक टाकला, की कोणाचा परवाना, चालू आहे की संपला, ते कळते. नुसती खूण असेल आणि वरखाली काही नसेल, तर पाइप जागेवर ठेवून द्यावा. जंगलातल्या गावात पंधरा दिवस पुरेल असा माल आणि पंधरा वर्षे टिकेल असा माल दिसायला सारखाच असतो.

लोखंडी पाइपावर रंगाचा पट्टा असतो, तोही मजकूरच. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जड. अर्धा इंचीत भिंतीची जाडी अनुक्रमे २.०, २.६ आणि ३.२ मिलिमीटर. अंदाजपत्रकात निळा लिहिलेला असेल आणि ट्रकमधून पिवळा उतरत असेल, तर ते वाचायला इंजिनिअर लागत नाही, डोळे लागतात. मात्र पट्टा रंगवता येतो, म्हणून शंका असेल तिथे पाइपाची कापलेली कड मोजावी.

पीव्हीसीवर दाब लिहिलेला असतो. आपले शेतकरी 'चार किलोचा', 'सहा किलोचा' पाइप म्हणतात. हे पाइपाचे वजन आहे अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. ते आहे दर चौरस सेंटिमीटरला सहन होणारे बळ. हिशेब सोपा: दहा मीटर उंच पाण्याचा भार एक किलो. टाकी बारा मीटर उंच असेल तर खालच्या नळाशी सव्वा किलोही होत नाही. तिथे चार किलोचा पाइप निभावतो. पण विहिरीतून टेकडीवर पाणी चढवायचे असेल, तर उंची, घर्षण आणि मोटार अचानक बंद पडल्यावर बसणारा दणका, सगळे धरावे लागते. वर जाणाऱ्या लाइनीचा फुटलेला दहा किलोचा तुकडा काढून तिथे शेतातला चार किलोचा घातला, की तो पहिल्याच आठवड्यात बोलतो. दोघांचा बाहेरचा व्यास एकच, त्यामुळे बसतो मात्र सुरेख.

आता थोडे कौतुकाचे, आणि तेही आपल्या महाराष्ट्राचे. एकाच नावाची वस्तू सगळीकडे सारखी असावी, हा धडा पाण्याच्या बाबतीत भारताने शिकला तो हातपंपावर, ज्याला आपल्याकडे सरळ 'बोरिंग' म्हणतात. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाला पुरतील असे होते. सगळे गाव त्यांवर लोटले की मोडायचे, आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागायचा नाही. जालन्यात आणि सोलापुरात मिशनशी संबंधित मंडळींनी यावर डोके लढवून पोलादी पंप बनवले. सोलापूर पंपाच्या धाटणीवरून, युनिसेफच्या मदतीने, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क २' उभा राहिला. त्याचे मानक आय.एस. ९३०१. पंप कोणत्याही कारखान्याचा असो, साखळी, धुरी, बेअरिंग, वायसर सगळे अदलाबदल करता येतात. हा पंप पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात तो 'यू २' या नावाने ओळखतात. सोलापूरच्या डोक्यातून निघालेली वस्तू कंपालाच्या वाटेवर पाणी देते, याचा अभिमान आपण फारसा बाळगत नाही.

मार्क २ मध्ये ३२ मिलिमीटरचे लोखंडी पाइप तीन-तीन मीटरच्या तुकड्यांनी खाली सोडतात. तीस मीटर खोल म्हणजे दहा पाइप, नुसते लोखंडच शंभर किलोच्या आसपास. एक वायसर बदलायचा तरी सगळे वर ओढावे लागतात. म्हणून पुढे 'मार्क ३' आला, मानक १३०५६. त्यात पाइपाचे तोंड मोठे, त्यामुळे पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो. गावात दोन्ही असतात आणि वरून बऱ्यापैकी सारखे दिसतात. त्यामुळे पाइप मागवताना 'बोरिंगचा पाइप' एवढेच लिहू नये. मार्क दोन की तीन, हे लिहावे.

नळ आल्यावर मात्र हे एकसारखेपण पुन्हा विस्कटले. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर, घरात नळ. मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. हेतू उत्तमच. पण एकेका गावात आज लोखंड, पीव्हीसी, एचडीपीई, पितळी फेरूल, प्लास्टिकचे सॅडल, असे चार-पाच कुळांचे सामान जमिनीखाली गेले आहे. ते टाकणारा ठेकेदार निघून जातो. खाली काय आहे याचा कागद गावात राहत नाही, आणि देखभाल मात्र गावाने करायची. माझ्या मते योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने किल्ल्यांच्या आधी यादी मागावी: कुठल्या गल्लीत कशाचा पाइप, केवढा, किती किलोचा. यादीशिवाय ताबा घेणे म्हणजे बी-बियाण्याचे नाव न विचारता पेरणी करणे.

आपल्या लोकांना खुणा वाचणे जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा बल्लारपूरच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोत जावे. सागाच्या प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर क्रमांक असतो, लांबी असते, घेर असतो, वन खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. शाळेचे तोंड न पाहिलेला हमाल त्या थप्पीतून नेमका ओंडका काढून देतो आणि हा कोणत्या लॉटचा, तेही सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले आहे. लाकडावरचे वाचता येते त्याला पाइपावरचे का येऊ नये? फरक इतकाच, की लाकडावरचे वाचल्याशिवाय मजुरी मिळत नव्हती, आणि पाइपावरचे वाचायचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे आपण गृहीत धरले.

त्या एटापल्लीकडच्या गावाने पुढे एक युक्ती केली. ती मी सुचवलेली नाही, पाणी समितीतल्या बायकांची आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत सागाची एक फळी ठोकली आणि गावात जेवढ्या जातीचे जोड वापरले आहेत, त्यातला एकेक तुकडा तारेने फळीला बांधला. खाली ऑइलपेंटने लिहिले: कशाचा, केवढा, तोंड कसले, किती दाबाचा, कुठे लावला आहे. बाजारात जाणारा माणूस आता चिठ्ठी लिहीत नाही. फळीवरचा तुकडा सोडून पिशवीत टाकतो, दुकानदारापुढे ठेवतो आणि संध्याकाळी परत बांधतो. शेवटी गेलो तेव्हा फळीवर सतरा तुकडे होते. सॅडलची जागा रिकामी होती. तो त्या दिवशी आलापल्लीला गेला होता.